कपाटातला पाय

मित्रांनो, मी एक जुना पाय आहे. उजवा. दचकू नका, मी कुणाचा कापलेला पाय नव्हे. मला कारखान्यात घडवले आहे. रॉकेटसाठी शास्त्रज्ञांनी वजनाला हलके आणि ताकदीला पक्के पदार्थ शोधले, त्याच विद्येतून माझा जन्म झाला. मला बोटेही आहेत, अगदी नखांसकट! एवढे ऐकले की लोक मला आकाशाविषयी विचारतात. खरे सांगू? मला आकाशाची ओढ कधीच नव्हती. मला ओढ होती काळ्या मातीची.

हिंगणीच्या सुलोचनाबाईंचा पाय कडबा कापायच्या यंत्रात गेला. वर्ध्याच्या शिबिरात मला बसवल्यावर त्या उभ्या राहिल्या, चार पावले चालल्या आणि रडू लागल्या.

"लय हलका हाय जी," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "वावरात जाता येते ना याच्यानं?"

"जा की! चिखलातही जा," डॉक्टर म्हणाले. त्या एका वाक्यावर मी किती मनोरे बांधले!

पण घरी कवडूभाऊ होते, बाईंचे यजमान. माणूस प्रेमळ, पण फार धास्तावलेला. "राकेटचा पाय हाय वं," ते म्हणाले. "चिखलात खराब झाला त असा पाय कोठून आनाचा?" झाले! मला जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटात ठेवले. लग्नकार्याला तेवढा मी बाहेर पडे. पाहुणे आले की लुगड्याची गाठ सोडून मला दाखवत, वाहवा होई आणि पुन्हा गाठ बसे. बाई मात्र कुबड्यांवर अंगणापुरत्या फिरत. कवडूभाऊ रोज मोबाइलवर पावसाचा अंदाज बघत. तोही रॉकेटने वर नेलेल्या उपग्रहांच्याच मेहनतीने मिळतो, पण त्याला कुणी कपाटात कोंडले नाही. मला त्याचा हेवा वाटे.

आमच्याकडे कापूस फुटला की पहिल्या वेचणीआधी घरची बाई वावरात जाऊन झाडाची पूजा करते, दहीभाताचा नैवेद्य दाखवते. त्याला सीतादही म्हणतात. पाय गेल्यापासून हा मान बाईंच्या धाकट्या जावेकडे, काजलकडे, गेला होता. त्या दिवशी घर रिकामे झाले की बाई कपाट उघडून माझ्यावरून हात फिरवत. मला बोलता येत असते तर मी ओरडून म्हटले असते, बाई, चला ना!

यंदाही कवडूभाऊ म्हणाले, "काजलच जाईन सीतादहीले."

"अजी, तुमी पायाले जपलं," बाई म्हणाल्या. "पाय कपाटात अन् मी घरात. मंग आनला कशाले?"

कवडूभाऊ उठून कपाटाशी गेले. लुगड्याची गाठ त्यांनी स्वतःच्या हाताने सोडली.

वावराच्या वाटेवर, नाल्याशी बाईंचा तोल गेला. मागून कवडूभाऊंनी हात पुढे केला, पण त्याआधीच मी चिखलात घट्ट रुतून उभा राहिलो. बोटांच्या फटींत गार माती शिरली. मित्रांनो, हीच ती माती! बाईंनी झाडाला हळदकुंकू वाहिले, दहीभात ठेवला आणि पहिले बोंड वेचून ओटीत घातले. कितीतरी दिवसांनी त्या आपल्या वावरात ताठ उभ्या होत्या.

"भरला ना पाय," कवडूभाऊ पुटपुटले.

"भरू द्या. धुता येते," बाई म्हणाल्या.

आता माझा तळवा झिजू लागला आहे. एक दिवस मी निकामी होईन, त्याचे मला दुःख नाही. दुःख आहे ते लुगड्यात गेलेल्या वर्षांचे. तुमच्या घरी आजोबांचे कानाचे यंत्र किंवा आजीचा नवा चष्मा डबीत जपून ठेवला असेल, तर आजच बाहेर काढा. वस्तूला जपताना माणूस अडकून पडत नाही ना, एवढे पाहा.

संध्याकाळी बाई मला धुऊन पुसून ठेवतात. कपाटात नाही, दाराशी, त्यांच्या चपलेशेजारी.