गल्लीकडची काच

पहिला होला आपटला तेव्हा मी म्हटलं, असतो एखादा आंधळा. आठवडाभरात तीन झाले. मग बुलबुल, साळुंक्या, दोन राघू. चिमण्या तर मी मोजायच्याच सोडून दिल्या. आर्णीतल्या सगळ्या पाखरांनी जीव द्यायला माझीच खिडकी निवडली होती. धप्प आवाज झाला की हातातला रंधा टाकून बाहेर पळायचं, मान मोडलेलं पाखरू उचलायचं, कडुनिंबाखाली खड्डा करायचा. मी सुतार आहे. खड्डे खणायचं काम माझं नाही.

गोष्ट एकसष्ट सालची. त्याच्या दोन वर्षं आधी माझी अम्मा, आयशाबी, विहिरीच्या काठावर घसरली. खुबा मोडला आणि ती कायमची खाटेवर आली. खाट गल्लीकडच्या खिडकीशी टाकलेली. तेव्हा तिथं जुनी अरुंद खिडकी होती, लोखंडी गजांची. बाई दिवसभर पडून आहे, निदान गल्ली तरी तिला धड दिसावी, चार माणसं बघून तिचा जीव रमावा, एवढंच माझ्या मनात होतं. यवतमाळला एका कापडाच्या दुकानाची दर्शनी काच निघाली होती. ती मी बैलगाडीत कडब्याच्या पेंढ्यांत ठेवून आणली. गज काढले, भिंत फोडून जागा रुंद केली आणि सागाची चौकट करून आख्खी काच बसवली. मधे एक पट्टी नाही की जोड नाही. माझ्या हातून इतकं सुबक काम आधी झालं नव्हतं आणि मी ते जो येईल त्याला सांगत होतो. लोक गल्लीत उभे राहून बघत. मी दुकानातून मान उंच करून त्यांच्याकडे बघत असे.

अम्माला दोन दिवस खिडकी आवडली. मग ती गप्प झाली. आधी माझ्या बायकोशी, रौशनशी, दिवसभर बडबडणारी बाई भाकरीचा अर्धा तुकडा खाऊन भिंतीकडे तोंड करू लागली. वर पाखरांचं ते आपटणं. प्रत्येक आवाजाला दचकायची, गोधडी डोक्यावर ओढून घ्यायची. एक दिवस म्हणाली, ही काच काढ, मला माझे गज परत दे. माझं डोकंच फिरलं. तुझ्यासाठी एवढा खटाटोप केला आणि तुला गज पाहिजेत, तुरुंगात राहायचंय का, असं मी आईला बोललो. बोललो ते बोललो.

ती एवढंच म्हणाली, "गल्लीनं मले टाकलं, गफ्फार."

मी म्हटलं, आता हे नवीन खूळ. गल्ली कशाला टाकेल? पण एक खरं होतं, वच्छलाबाई यायची बंद झाली होती. वच्छलाबाई गल्लीच्या टोकाला राहायची, अम्माच्याच वयाची. वीस वर्षं रोज शेतात जाताना ती आमच्या खिडकीशी थांबायची, गजांतून तंबाखूची चिमूट द्यायची आणि आपल्या सुनांच्या तक्रारी सांगायची. घरात येऊन बसायला तिला कधी सवड नव्हती. आता ती पलीकडच्या गल्लीनं जायला लागली होती. मी तिला बोलावू का म्हणून विचारलं, तर अम्मानं शपथ घातली की त्या बाईचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. म्हाताऱ्यांच्या रुसव्यात कोण पडणार? मला पाखरं पुरेशी होती.

आमच्याकडे चिमणी आरशाला चोच मारायला लागली की आरशावर फडकं टाकतात. म्हणून मी काचेला आतून जाड काळी चादर लावली. दुसऱ्या दिवशी दोन बुलबुल मेले. पूर्वी दिवसाला एक यायचं, आता दोन. शिवाय अम्मापुढे अंधार. चादर काढली. मग वावरातल्या बुजगावण्याचं काळं मडकं आणलं, त्याला चुन्याचे डोळे काढले आणि आतून टांगलं. पाखरं भ्यायली नाहीत. भ्यायली ती अम्मा, कारण ते भूत चोवीस तास तिच्या उशाशी लोंबत होतं. मग घारीच्या आकाराचा पुठ्ठा कापला, तोही आतून चिकटवला. एक साळुंकी त्याच्यावरच येऊन आपटली.

सगळं मी आतून करत होतो, कारण बाहेरची बाजू माझी मिरवायची होती. तिथं मडकी आणि पुठ्ठे लटकवून मला हसं करून घ्यायचं नव्हतं. शेवटी रौशनच वैतागली. "पाखरू बाहेरून येते," ती म्हणाली, "अन् तुम्ही आतून भांडून राह्यले. बाहेरून चुन्याचे ठिपके तरी मारा."

चुन्याची वाटी घेऊन मी तणतणत गल्लीत गेलो. सकाळचे नऊ-दहा वाजले असतील, ऊन चांगलं वर आलं होतं. काचेसमोर उभा राहिलो. समोर कडुनिंब होता, फांद्यांसकट, मागे निळं आभाळ. आणि मधोमध मी. दाढीत भुसा अडकला होता, तो बोटांनी झाडला. मिशी ओली करून बसवली. बसवलेल्या चौकटीकडे एकदा समाधानानं पाहिलं. मग ठिपके मारायला घेतले आणि चार झाल्यावर चुना संपला म्हणून आत आलो.

रौशन दारातच उभी होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी वाटी खाली ठेवली.

"अम्मानं तुम्हाले हात केला," ती म्हणाली. "दोनदा केला. तुम्ही तिच्या तोंडाकडे पाहून मिशी नीट करत बसले."

अम्माची पाठ आमच्याकडे होती. भिंतीला सांगावं तसं ती बोलली. "वच्छलानंही असंच केलं. मी हात केला, तिनं मह्या डोळ्यात पाह्यलं, केस सारखे केले अन् निघून गेली. मंग सगळ्यायनंच तसं केलं. आज तूही केलं."

मी परत बाहेर गेलो. नाक काचेला लागेपर्यंत वाकलो, दोन्ही हातांचा आडोसा केला, तेव्हा कुठं खाट दिसली. हातभर अंतरावर माझी आई होती आणि आडोसा काढला की तिथं फक्त कडुनिंब होता. पाखरांना तोच दिसत होता. चार महिने गल्लीतल्या प्रत्येक माणसालाही तोच दिसला होता. मी या कामाची फुशारकी मारत गावभर फिरलो आणि एकदाही इथं उभा राहून आत पाहिलं नाही. मला माझीच इतकी चीड आली की मी वाटी तिथंच टाकून पटाशी आणायला गेलो.

काच दुपारीच काढली. चौकटीत बोटभर जाड सागाचे दांडे बसवले, मधे चार-चार बोटांची फट ठेवून, आणि रात्रीसाठी साधी झडप. काच गोधडीत गुंडाळून माळ्यावर टाकली. त्यानंतर एकही पाखरू मेलं नाही. चिमण्या दांड्यांतून सरळ आत येतात आणि अम्माच्या अंगावर काड्या टाकतात, पण त्याबद्दल अजून तक्रार झालेली नाही.

त्याच संध्याकाळी मी वच्छलाबाईच्या घरी गेलो. अम्माची शपथ मोडली. म्हटलं, मावशी, चला, खिडकीपाशी चला. ती नको नको म्हणत आली. दांड्यांसमोर उभी राहिली आणि तिनं दोन्ही हातांनी दांडे धरले. अम्मा उशी टेकून तिच्याकडे बघत होती.

"तू इथंच होती काय?" वच्छलाबाई म्हणाली. "मी त एवढी मोठी काच पाह्यली, आत कोणी दिसे ना. मले वाटलं पोराचे दिवस पालटले, आता तुले आतल्या खोलीत नेलं. जाताना मले सांगितलंही नाही म्हणून राग धरून बसली होती मी."

"मले नेते कोण?" अम्मा म्हणाली. "चार महिने तुह्यासमोर हात हालवून राह्यली. मले उठता येत असतं, त ती काच मीच फोडली असती."

दोघी रडायला लागल्या. मी तिथंच गल्लीत उभा होतो. मला कोणी जा म्हटलं नाही आणि थांब म्हणूनही म्हटलं नाही.