आबोचा कौल

मित्रांनो, मी खाऱ्या पाण्यातला एक म्हातारा मगर आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांत माझ्या जातीहून मोठे या पृथ्वीवर आज कोणी नाही, आणि हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही. तिमोर बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर एक नदी समुद्राला मिळते. तिथल्या खारफुटीत माझे राज्य आहे. काठावरचे लोक मला आबो म्हणतात, म्हणजे आजोबा. मी मात्र त्यांच्यापैकी कोणाचाही आजोबा नाही. तेवढे सांगायलाच आज तोंड उघडले आहे.

माझा जन्म कुजक्या पानांच्या ढिगात झाला. आईने मला जबड्यात धरून पाण्यात नेले. ज्या जबड्याला सारे जग घाबरते, त्यात मला झोप लागली होती. माझी बरीचशी भावंडे घोरपडींनी आणि बगळ्यांनी मटकावली. मी वाचलो. पुढे कातड्यासाठी बंदुका घेऊन माणसे आली. त्यांची एक गोळी माझ्या शेपटीत अजून आहे. ती माणसे निघून गेली, मी इथेच आहे.

गावकरी माझ्यावर बंदूक रोखत नाहीत. हे बेटच एका मगराच्या अंगापासून झाले असे ते मानतात. पाण्यात उतरताना बायका म्हणतात, "आबो, आम्ही तुझी नातवंडं, जरा सरकून घे." पोट भरलेले असले तर मी सरकतोही. पण त्यांची दुसरी समजूत मला फार डाचते. आबो निरपराध माणसाला कधी चावत नाही म्हणे! ज्याला चावला, त्याने काहीतरी पाप केलेलेच असणार.

ओलांदिना नावाची विधवा एकदा कोळंबी पकडायला गुडघाभर पाण्यात उभी होती. मला भूक लागली होती. मी तिची पोटरी धरली. तिने माझ्या डोळ्यात अंगठा खुपसला आणि मला तिला सोडावे लागले. त्या डोळ्याने मला आता धूसर दिसते. माझी तक्रार नाही. ती जिवासाठी लढली, मी पोटासाठी.

तिच्या मागे खरी पीडा लागली ती गावात. तिचा दीर बोनिफासियो याचा तिच्या नारळाच्या बागेवर डोळा होता. त्याने लगेच उचल खाल्ली. "आबोने कौल दिलाय. वहिनीने नक्की काहीतरी केलंय. असल्या बाईकडे बाग ठेवायची नाही!" तो दारोदार सांगत सुटला. ओलांदिना काठी टेकत चालायला लागली, तसे तिला नदीकाठी बोलावण्यात आले. गावाचे निवाडे करणारे म्हातारे आगापितो सुपारी चघळत बसले होते. सगळे गाव जमले होते. मीही होतो, मुळांच्या आडोशाला, नाकपुड्या तेवढ्या पाण्यावर ठेवून.

"बोल गं पोरी, काय चुकलं तुझं?" आगापितो म्हणाले. "कबूल केलंस तर आबो माफ करील."

"काका, पाणी गढूळ होतं आणि मी नीट बघितलं नाही, एवढंच चुकलं."

"बघा, कशी उलट बोलते!" बोनिफासियो ओरडला. "मन साफ असेल तर उतर परत पाण्यात. आबो शिवणारसुद्धा नाही."

"तुमचं मन साफ आहे ना, भावोजी?"

"आरशासारखं!"

"मग आधी तुम्ही उतरा. मी येते मागून."

जुस्तिना नावाची एक बाई फिस्सकन हसली. "जा की रे, आजोबाला भेटून ये!"

आता माघार घेणार कशी? बोनिफासियोने लुंगी वर खोचली आणि पाण्यात एक पाऊल टाकले. खरे सांगतो, मी त्याचे पापपुण्य काही तोलले नाही. पाण्यात पाय दिसला की माझी शेपटी आपोआप हलते. पाणी डुचमळले. बोनिफासियो किंचाळत मागे पळाला आणि चिखलात तोंडावर आपटला.

गाव खदखदून हसले. आगापितोंनी सुपारी थुंकली. "आबो याच्यावर धावला. म्हणजे पापी हा! बाग ओलांदिनाची."

मित्रांनो, तिने नुसती मान डोलावली असती तरी काम झाले असते. पण ती काठी आपटत पुढे आली.

"नको काका, असला कौल मला नको. भावोजी हावरट आहेत, पण ते मी सांगते, त्या पाण्यातल्याने नाही सांगितलं. तो मगर आहे. त्याला भूक लागते. उद्या तो तुमच्या लेकीला धरील, मग तिलाही पापी म्हणाल? बाग कोणी लावली ते या लोकांना विचारा. सगळ्यांना ठाऊक आहे. मला नावं ठेवत होते तेव्हा यांची तोंडं शिवली होती का?"

कोणी वर बघेना. मला तिचा विलक्षण अभिमान वाटला, आणि तिनेच माझा डोळा अधू केला होता!

शेवटी जुस्तिना हळूच म्हणाली, "रोपं मी वाहून आणली होती, काका. खड्डे हिने आणि हिच्या नवऱ्याने खणले. मी घाबरले म्हणून बोलले नाही."

मग दुसरा बोलला, मग तिसरी. आगापितो मान खाली घालून सगळे ऐकत राहिले. "बाग हिचीच," ते म्हणाले. "आणि हा कौल गावाचा, आबोचा नाही."

ओलांदिना आता मला आबो म्हणत नाही. मुले काठाशी आली की ती ओरडते, "मागे व्हा रे, मगर आहे!" मला ते आवडते.

मित्रांनो, मला बंदूक दाखवू नका आणि नमस्कारही करू नका. माझी खारफुटी मला ठेवा आणि काठापासून लांब राहा. भूक लागली की मी चावणार, त्याची मला लाज नाही. पण मी ज्याला चावलो त्याला पाप विचारत बसू नका. आधी त्याची जखम बांधा.