आईचं माहेर नकाशात

शाळेच्या भिंतीवर देशाचा नकाशा काढावा तर आमच्याच घराण्यानं. फुशारकी नाही मारत, गावात कुणालाही विचारा. पहिला नकाशा माझ्या वडिलांनी काढला, परक्यांचं राज्य गेलं त्याच वर्षी. लाल सीमा, चांगली दोन बोटं जाड. बाहेर सगळी कोरी भिंत. "शेजाऱ्यांवर रंग कशाला घालवायचा?" म्हणायचे. त्या सीमेला हात लावून माणसं रडली होती, असं आई सांगायची.

माझ्या पाळीला मी त्यात धरणं, पूल, कारखाने भरले. तेव्हा देश म्हणजे उभारणी, असं डोक्यात पक्कं बसलेलं. सीमा मात्र तेवढीच जाड ठेवली.

आता हात कापतो, म्हणून भिंत नव्यानं रंगवायचं काम मुलीकडे. मुख्याध्यापिका बाईंनी बजावलं होतं, "काका, तुम्ही ठीक म्हणालात तरच हा नकाशा राहील, नाहीतर दुसरा पेंटर बोलावते." शिवाय आमच्या घरची रीत अशी, की सीमेची शेवटची वीतभर रेघ घरातल्या थोरल्यानं जोडायची. वडिलांचा जाड ब्रश पिशवीत टाकून गेलो.

बघितलं आणि टाळकंच सरकलं. सीमा बारीक, आणि वरची मोठी नदी सीमा ओलांडून पार खिडकीपर्यंत गेलेली.

"ही कुठं चालली?"

"चालली नाही बाबा, येतेय." मुलगी शिडीवरून उतरलीसुद्धा नाही. "तुम्ही आणि आजोबांनी ती सीमेवरच तोडली होती. नदी काय रेघेतून निघते?"

"अगं, देश आपला काढायचाय. शेजाऱ्यांचं कौतुक कशाला?"

"आपलाच काढलाय. म्हणून तर खरा काढला."

पुटपुटत मी चष्मा चढवला. खिडकीशी, नदीच्या काठावर एक पांढरा ठिपका होता. माझी आई तिकडची. लग्न होऊन आली तेव्हा मधे ना चौकी होती ना रेघ. लहानपणी मी म्हणायचो, तुझं माहेर दाखव, की ती नकाशाबाहेर कोऱ्या भिंतीवर बोट ठेवायची. नेमकं तिथंच. मुलीला हे कधी सांगितलं, ते मी विसरूनही गेलो होतो.

मला वाटायचं, हिला देशाचं प्रेम आमच्याइतकं नाही. कसलं काय! वडिलांना देश नुकता हाती लागलेला, घट्ट धरायलाच हवा होता. हिला तशी भीतीच नाही, इतकी ती या घरात निवांत आहे. आणि ती निवांत झाली ती आमच्यामुळे, हेही सांगून ठेवतो.

जाड ब्रश पिशवीतच राहू दिला. "तुझा दे," म्हटलं. रेघ जोडली. जराशी हलली.

तेवढ्यात बाई आल्या. "काय काका, ठीक आहे ना?"

"बाई, माझ्या आईचं माहेर नकाशात आलंय," मी म्हटलं. "आता दुसरा पेंटर बोलावलात तर माझ्याशी गाठ आहे."