टोळ, लेंगा आणि ओटावा नदी

वेंगुर्ल्याचे हेमचंद्रराव राजाध्यक्ष ओटावात येऊन, सरकारी नोकरीत पूल बांधून रिटायरसुद्धा झाले, पण टोळ मासा काही त्यांच्या जिभेवरून उतरला नाही. टोळ म्हणजे लांब चोचीचा, सडपातळ मासा, आणि शिजवला की त्याचे काटे हिरवे दिसतात. हे हिरव्या काट्यांचं वर्णन त्यांनी इतक्यांना ऐकवलं होतं, की मराठी मंडळाच्या पिकनिकला ते जेवायला बसले की शेजारची खुर्ची रिकामी व्हायची.

त्यांचे शेजारी रविकांत अधिकारी अलिबागचे. त्यांच्या मते पापलेट सोडून बाकीचे मासे म्हणजे पोहायला शिकलेली काटेरी झुडपं. या वादावर दोघांची मैत्री छान टिकली होती.

त्या जूनमध्ये रविकांत नदीवर फिरायला गेले आणि धक्क्याजवळच्या उथळ पाण्यात त्यांना लांब चोचीचे मासे दिसले. इथले लोक त्याला गार म्हणतात, एवढं ते चौकशी करून आले. हेमचंद्ररावांनी चहा अर्धा टाकला. टोळच तो, कॅनडाला येऊन नाव बदललं असेल, आपल्या श्रीकांतचा नाही का स्टीव्ह झाला, असं म्हणत ते घरातल्या लेंग्यावरच गाडीत बसले.

धक्क्यावर दोघांनी दुपारपर्यंत गळ टाकले. मासे यायचे, आमिष चावायचे आणि निघून जायचे. शेवटी शेजारी बसलेल्या जिल नावाच्या फ्रेंच म्हाताऱ्याला दया आली. या माशाची चोच हाडासारखी टणक, त्यात गळ रुततच नाही, असं त्यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. नायलॉनची दोरी घ्यायची, तिचं टोक पिंजायचं आणि पाण्यात सोडायची. माशाचे दात त्या धाग्यांत गुंततात.

रविकांतांच्या गाडीच्या डिकीत विंटर टायर्स होते, बर्फाचं फावडं होतं, जंपर केबल होती. दोरी नव्हती. मग रविकांतांची नजर हळूहळू हेमचंद्ररावांच्या पोटावर आली. सुती नाडी ड्रायरमध्ये तुटते म्हणून उमाबाईंनी नवऱ्याच्या सगळ्या लेंग्यांत नायलॉनची नाडी घातली होती.

"हेमचंद्र, टोळ पाहिजे ना तुला?" रविकांतांनी विचारलं.

हेमचंद्रराव मंडळाचे माजी अध्यक्ष होते. धक्क्यामागच्या हिरवळीवर कनाटा उपनगरातली दोन-तीन मराठी कुटुंबं बार्बेक्यू लावून बसली होती. हेमचंद्ररावांनी सगळ्याचा नीट विचार केला आणि नाडी काढून दिली.

एका मुठीत लेंगा धरून ते उभे राहिले. रविकांतांनी पिंजलेली नाडी पाण्यात सोडली आणि बघता बघता पाणी उसळलं. जवळजवळ हातभर चोच असलेलं एक धूड नाडीला लटकलं आणि उलट्या दिशेनं निघालं. रविकांत ओल्या फळ्यांवरून त्याच्यामागे घसरत चालले. एक हात दे, असं ते म्हणाले. हेमचंद्ररावांनी एक हात दिला. तेवढ्यानं भागेना. दुसरा दे, असं ते म्हणाले तेव्हा त्यांचा एक पाय पाण्यावर होता.

माणसाच्या आयुष्यात असा एखादाच क्षण येतो. हेमचंद्ररावांनी लेंगा सोडला.

मासा वर आला. मागून टाळ्या वाजल्या. पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीतल्या माजी अध्यक्षांनी वळून नमस्कारही केला, कारण दुसरं काय करायचं ते त्यांना सुचलं नाही. जिलनं मासा मारून दिला, पण दातांत गुंतलेली नाडी काही निघेना. जाताना त्यानं बोट नाचवत बजावलं, "पा ले झ! पा ले झ!" हा काय म्हणतो, असं हेमचंद्ररावांनी विचारलं. आपल्याला फ्रेंच येतं, असं रविकांतांचं म्हणणं होतं. मासा झूला, म्हणजे प्राणिसंग्रहालयाला, देऊ नका म्हणतोय, असं त्यांनी सांगितलं. तो विचार तसाही कुणाच्या मनात नव्हता.

उमाबाईंनी दार उघडलं तेव्हा नवऱ्याच्या कमरेला जंपर केबल होती आणि माशाच्या तोंडात नाडी. सरकारी कचेरीत इतकी वर्षं काढल्यावर प्रश्न कुठे विचारू नयेत हे त्यांना कळत होतं.

मासा विळीला दाद देईना. अंगावर कौलं बसवावीत तशी खवलं. शेवटी रविकांतांनी बेसमेंटमधून पत्रा कापायची कात्री आणली आणि किचनमध्ये गॅरेजसारखे आवाज सुरू झाले. पोट उघडलं तर आत अंड्यांची हिरवट गाबोळी, पातेलंभर. हेमचंद्ररावांचे डोळे भरून आले. त्यांनी स्वतःच्या हातानं तिला मीठ-हळद लावली आणि तवा ठेवला. त्या आनंदात जिलची गोष्टही सांगितली, की म्हातारा झूबद्दल काहीतरी सारखं म्हणत होता.

"नक्की काय म्हणाला?" उमाबाईंनी विचारलं.

"पा ले झ."

उमाबाईंनी गॅस बंद केला. प्रमोशनसाठी त्यांना फ्रेंचची परीक्षा द्यावी लागली होती. "अहो, अंडी खाऊ नका म्हणत होता तो." त्यांनी कॉम्प्युटरवर शोधून पाहिलं. गारची अंडी विषारी होती. हेमचंद्ररावांनी जड मनानं गाबोळी टाकून दिली. रविकांत बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

मग उमाबाईंनी तिरफळं घालून झणझणीत मालवणी तिखलं केलं आणि काही तुकड्या रव्यात घोळून तळल्या. हेमचंद्ररावांनी पहिल्याच घासाला काटा काढून उजेडात धरला. पांढराशुभ्र. थंडीनं रंग उडाला असेल, असं ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"चिकनसारखं लागतंय," उमाबाई म्हणाल्या.

ते खरं होतं. रविकांत म्हणाले की चिकन मात्र फार चांगलं झालंय, आणि तिसरी तुकडी घेतली. मग बोलायला काही उरलं नाही म्हणून हेमचंद्ररावांनी लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोला तिचा आवडता मासा विचारला.

"पेडवे," त्या म्हणाल्या. "छोटे. कुरकुरीत तळलेले."

हेमचंद्ररावांना ते मनाला लागलं. पुढच्या शनिवारी ते बायकोला आणि रविकांतांना घेऊन पोर्तुगीज दुकानात गेले. फ्रीझरमध्ये पेडव्यांसारखं काहीतरी होतं. ही तर तारली, असं रविकांत म्हणाले. तारली एवढी चपटी असते का, असं हेमचंद्ररावांनी विचारलं. दोघांनी फ्रीझरचं दार उघडं ठेवून मुद्दे मांडायला सुरुवात केली. दुकानदारानं येऊन दार लावलं, त्यांनी परत उघडलं. तेवढ्यात उमाबाईंनी सॅमनचं एक पाकीट घेतलं, किल्ली मागून घेतली आणि गाडीत जाऊन रेडिओ लावून बसल्या.