दोन्ही गोडच

धाकटीने दोन्ही मनगटं ताईच्या नाकाशी धरली. "सांग, डावं की उजवं? लग्नात एकच परफ्यूम लावायचाय."

ताईने डावं हुंगलं, उजवं हुंगलं, पुन्हा डावं हुंगलं.

"डावीकडे व्हॅनिला, उजवीकडे मध आणि अंबर," काउंटरपलीकडची विक्रेती म्हणाली. "दोन्ही गोड, उबदार."

उबदार म्हणे! ताईला जाणवत होती ती फक्त धाकटीच्या हाताची ऊब. वासाच्या नावाने शून्य.

अठरा वर्षं ताई बेकरीत होती. भट्टीचं दार न उघडता पाव झाला की नाही ते सांगायची. चार महिन्यांपूर्वीचा ताप उतरला, तो जाताना वास घेऊन गेला. आज येईल, उद्या येईल म्हणत तिने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. भट्टीपाशी आता ती गजर लावायची. परवा तोही विसरली आणि तीन ट्रे बिस्किटांचा कोळसा झाला. 'फोन आला होता' म्हणून तिने मालकांपुढे कशीबशी वेळ मारून नेली होती.

"डावं," ताई म्हणाली.

"का?"

"का म्हणजे? आवडलं."

"मघाशी उजव्याला मान डोलावलीस की!"

"मग उजवं घे!"

"अगं, नीट बघ ना. तुझं नाक म्हणजे..."

"माझ्या नाकाचं नाव काढू नकोस!" ताई इतक्या जोरात ओरडली की अख्खं दुकान वळून बघू लागलं. ती तडक बाहेर पडली.

धाकटीने तिला बसथांब्यावर गाठलं. तिथल्या बाकावर ताईने एकदाचं सगळं सांगून टाकलं.

"चार महिने? आणि मला बोलली नाहीस?"

"बोलून काय उजेड पडणार होता?"

धाकटीने स्वतःच डावं मनगट हुंगलं. "हा गोड आहे."

"आणि दुसरा?"

"तोही गोडच."

"वा! मोठीच माहिती दिलीस."

धाकटीने डोळे मिटून पुन्हा वास घेतला. "पहिल्याने भूक लागते. दुसऱ्याने झोप येते."

"मग पहिला घे. स्वतःच्या लग्नात पेंगणार आहेस का?"

पण धाकटी दुकानात परत गेलीच नाही. तिने ताईला धरून नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. "ओळखीचे वास रोज दोनदा घेत राहा," डॉक्टर म्हणाले. "सहा महिने लागतील, वर्ष लागेल. पूर्ण परत येईलच, असं मात्र सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी ताईने मालकांना खरं काय ते सांगितलं. ते रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "सध्या भट्टी राहू दे, तू मळण्याच्या टेबलावर ये." ते रागावले असते तर निदान भांडता तरी आलं असतं. ताईने बाह्या सरसावल्या आणि पिठाचा गोळा असा काही आपटला, की शेजारची बाई दोन पावलं मागे सरकली.