वळणात थांबलेलं पाणी

भांडं

वेदीमागच्या खोलीत दोन बेसिनं. एक हात धुवायचं. दुसरं लहानसं, कोपऱ्यातलं, पितळी झाकणाचं.

जावई प्लंबर. चर्च लग्नापुरतंच पाहिलेला. सासूबाईंनी त्याला सेवेला जुंपला होता. "बायबलचं वाचन करायला तुमचा आवाज चालायचा नाही, जावईबापू. नळ तरी बघा."

त्याने नळ बघितले. मग सहज त्या लहान बेसिनखाली डोकं घातलं. नळी थेट जमिनीत! ना वळण, ना गटाराशी जोड. काम मात्र सुबक. इतका नीटनेटका माणूस अर्धवट सोडून का गेला असेल?

प्रश्न मनात राहिला, हात थांबले नाहीत. त्याने जुनी नळी सोडवली, खाली वाकड्या नळीचं नवं कोरं वळण बसवलं, ते शेजारच्या बेसिनच्या गटाराला जोडलं. पाणी सोडून बघणार, तेवढ्यात मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सुरू व्हायची घंटा झाली आणि दारातून सासूबाईंनी डोळे वटारले.

नळी

मिस्सा संपली. फादर द्राक्षारसाचा प्याला पुसतात ते पांढरे रुमाल धुणं ही सासूबाईंची सेवा, लेकीच्या जन्माच्याही आधीपासूनची. त्यांनी रुमाल वाडग्यात भिजवले, पिळले, आणि ते पाणी पितळी झाकण उचलून ओतलं.

गुळुक.

"हे बोललं," सासूबाई म्हणाल्या.

"कोण?"

"हे भांडं. आजवर कधी बोललं नव्हतं."

त्याने छाती फुगवून सांगितलं. आता रीतसर जोडलंय. पाणी सरळ गटारात.

सासूबाई स्टुलावर बसल्या. "अरे बाबा, त्या रुमालात एखादा थेंब राहतो. तो नुसता द्राक्षारस नव्हे, ख्रिस्ताचं रक्त. म्हणून पहिलं पाणी मातीत जातं. त्यासाठीच आहे हे भांडं. आणि ते मी माझ्या हाताने गटारात ओतलं. फादरांना सांगते, रुमालांना दुसरी कुणी बघा."

वळण

"आई, त्यानंतर काही ओतलंत?"

"नाही."

"हात धुतलेत?"

"अजून नाही."

फादर आत आले, सवयीने मोठ्या बेसिनकडे वळले.

"फादर, नळाला हात लावू नका! गटार एकच आहे!"

फादरांचे दोन्ही हात वर गेले, वेदीवर जातात तसेच. "काय गळतंय?"

"काहीच गळलेलं नाही. तीच तर आशा आहे."

तो आडवा झाला. वाडगा खाली धरला. वळण फिरवून सोडवलं, तिरकं केलं. पाणी आलं. त्यात रुमालाचा एक पांढरा धागा.

वाडग्याच्या आत निळी रेघ होती. सासूबाई रोज तिथवरच पाणी घेत. पाणी चढलं. रेघेला टेकायला आलं.

"सगळं?" त्यांनी विचारलं.

"जवळजवळ. बाकीचं आतल्या बाजूला चिकटलंय, विसळून घेऊ. वळण कोरडं होतं ना. मी पाणी सोडून बघितलंच नव्हतं."

"म्हणजे काम अर्धवट सोडलंत."

"तुम्हीच डोळे वटारलेत."

फादर हसले. हात अजून वरच होते.

सासूबाईंनी वळण हातात घेऊन उलटसुलट केलं. "हे असं वाकडं कशाला ठेवतात?"

"गटाराचा वास वर येऊ नये म्हणून. थोडं पाणी नेहमी थांबतं इथे."

"नेहमी?"

"नेहमी."

त्यांनी वळणाला डोळा लावून आत बघितलं.

माती

जुनी नळी परत बसली. सासूबाईंनी वाडगा ओतला, वळण विसळून तेही ओतलं. सासू-जावई वाकून ऐकत राहिले.

भांडं बोललं नाही.

"आई, पण मातीतून पुढे कुठे जातं?"

"मला काय विचारता? प्लंबर तुम्ही."

"मी गटारापर्यंतचा."

सासूबाईंनी ओले रुमाल पिशवीत घातले, नेहमीसारखे, घरी न्यायला. दारात थांबल्या. "पुढच्या रविवारी लवकर या. पिळायला तुमच्या हातात जोर आहे. नखं तेवढी घासून या."

तो अजून वाकलेलाच होता, कान पितळी झाकणाला लावून.