पोलकं नव्हे, पोल्का

वॉल्टरचा पाय मोडला आणि एल्साचं गावी जाणं बारगळलं.

वॉल्टर आणि सदानंद शारजातल्या एकाच कारखान्यात इंजिनियर. दुबईतल्या अल मनखूलमध्ये राहायलाही एकाच बिल्डिंगमध्ये. वॉल्टरच्या बायकोचं, एल्साचं, गाव टेक्ससमधलं हाइनरिक्सबर्ग. जर्मनीहून आलेल्या शेतकऱ्यांनी वसवलेलं, जेमतेम दोन रस्त्यांचं. त्या ऑक्टोबरात गावाला दीडशे वर्षं होत होती. एल्साचे डोळे सारखे भरून यायचे.

सदानंद, प्रमिला आणि त्यांची वैभवी आदल्याच उन्हाळ्यात त्या गावात एल्साच्या आईकडे राहून आले होते. दगडी घरं, खिडक्यांत लाल फुलं, बेकरीबाहेर जर्मनमध्ये हुज्जत घालणारे म्हातारे, आणि शनिवारी हॉलमध्ये नाच. "आज पोल्का," एल्साच्या आई, म्हणजे वैभवीच्या आजी, म्हणाल्या तेव्हा प्रमिलाला हसू आवरेना. "आजी, आमच्याकडे पोलकं अंगात घालतात!" पण ऑफिसच्या पार्टीत खुर्ची न सोडणाऱ्या सदानंदला आजींनी हात धरून मधोमध नेलं. शाळेत लेझीम खेळलेला माणूस. दोन फेऱ्यांत त्याचे पाय सुटले, ते बँड थांबेपर्यंत.

"अहो, गावचा उत्सव आपण इथेच करूया ना," प्रमिला म्हणाली. "आजींना फोन लावू. बँड तिकडे वाजेल, नाच इकडे."

"बाबा, प्लीज, डोन्ट डान्स," वैभवी म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी सदानंद ऑफिसातून धावत आला. तिकडे सकाळ होती, हॉलमध्ये उत्सव सुरू होणार होता. प्रमिलाने सोफे भिंतीला लावले, बटाट्याचं सॅलड आणि बटाटेवडे शेजारी शेजारी मांडले. प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून वॉल्टर बसला. एल्साला फक्त जेवायला बोलावलं होतं.

ती आत आली, तोच स्पीकरफोनमधून अकॉर्डियन वाजू लागला. खरखरत, पण तोच. एल्सा दारातच थबकली आणि तिला हुंदका फुटला.

"एल्सा, रडतेस काय? नाच!" फोनमधून आजींचा आवाज आला. "कोण आहे तिथे जोडीला?"

"सदानंद, ममा."

"तो? माझा सगळा प्लम केक संपवणारा? छान नाचतो!"

सदानंदने टाय सोडला. दोघं टीपॉयला वळसा घालत गरगर फिरू लागले. प्रमिलाने पदर खोचला आणि वैभवीला ओढलं. "मॉम, यू आर क्रेझी!" म्हणत पोरगी तिच्याआधी उड्या मारायला लागली. वॉल्टर काठीने जमिनीवर ठेका धरत होता.

आणि लाइन कट झाली.

एल्साचा चेहरा पडला. पण वॉल्टरची काठी काही थांबली नाही. वैभवीने रिकाम्या डब्यावर ताल उचलला, सदानंदने तोंडानेच अकॉर्डियन सुरू केला. सूर कुठल्या कुठे गेला; एल्सा इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग तिनेच प्रमिलाचा हात धरला आणि नाच पुन्हा रंगला.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. आजीच होत्या, धापा टाकत.

"लाइन गेली तरी आम्ही थांबलो नाही हं! तुम्ही?"

"आम्हीही नाही, ममा," एल्सा म्हणाली, आणि फोन कानाला लावूनच तिने एक गिरकी घेतली.